प्रश्न तुमचे: राउटर चालू, लाइन मेलेली, आणि स्क्रिप्ट म्हणते सगळं ओके

पाऊस लागला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो, वीज गेली, वीज आली पण नेट आलं नाही, माड पडला आणि केबल घेऊन गेला वगैरे. या वेळी मात्र "नेट का जातं" यापेक्षा "नेट गेलंय हे माझ्या स्क्रिप्टला कसं कळवू" असं विचारणारे जास्त निघाले, म्हणून यंदाचं सदर त्यांच्यासाठीच. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कमांड इथे देवनागरीत छापल्यात पण टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरायचे, नाहीतर परत मलाच पत्र लिहाल. नवख्यांसाठी दोन शब्द, पिंग म्हणजे समोरच्या मशिनला हाक मारून उत्तर येतं का ते बघणारी कमांड, आणि एररलेव्हल म्हणजे कमांड संपताना मागे ठेवते तो आकडा, ० म्हणजे सगळं ठीक.

प्रश्न: नमस्कार सर, मी फोंडा तालुक्यात एका छोट्या पतसंस्थेत क्लार्क आहे. संध्याकाळी काउंटर बंद झाला की एक बॅच फाइल दिवसाचा बॅकअप मुख्य शाखेच्या सर्वरवर पाठवते. नेट नसलं की ती मध्येच लटकते म्हणून मी वरती पिंगची ओळ टाकली, एररलेव्हल शून्य आला तरच पुढे जा असं. परवा लाइन अख्खा दिवस बंद होती तरी स्क्रिप्टने नेट आहे असं धरलं आणि बॅकअप पाठवायला गेली. पिंगवर विश्वास ठेवायचा की नाही? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: ठेवायचा, पण ते नेमकं काय सांगतंय ते समजून. विंडोजमधलं पिंग एवढंच बघतं की पाठवलेल्या पॅकेटला काहीतरी उत्तर आलं का, ते कोणी दिलं आणि त्यात काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लाइन मेली की बरेचदा तुमच्या टेबलावरचा राउटरच उत्तर देतो, "रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.१, डेस्टिनेशन नेट अनरीचेबल", म्हणजे बाबा पुढे रस्ता नाही. आणि पिंग खाली हिशोब मांडताना ते आलेल्या उत्तरांतच मोजतं, रिसीव्ह्ड २, लॉस्ट ०, एररलेव्हल शून्य. तुम्ही कोणाच्या दारात जाऊन हाक मारली, शेजारीण म्हणाली घरात कोणी नाही, आणि तुम्ही वहीत लिहिलंत की उत्तर मिळालं, तसला हा प्रकार. केबलचा माणूस, राउटर, विंडोज, सगळे आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त बॅकअप जात नाही.

उपाय सोपा आहे. खऱ्या उत्तराच्या ओळीत बाइट्स, टाइम आणि शेवटी टीटीएल (पॅकेट अजून किती टप्पे जाऊ शकतं तो आकडा) असतं, अनरीचेबलच्या ओळीत टीटीएल नसतं. म्हणून पिंगचा एररलेव्हल न बघता त्याच्या उत्तरात टीटीएल शोधायचं:

पिंग -एन २ -डब्ल्यू २००० ८.८.८.८ | फाइंड "टीटीएल="
इफ एररलेव्हल १ गोटू नेटनाही

इथे एन म्हणजे किती वेळा, डब्ल्यू म्हणजे किती मिलिसेकंद थांबायचं, आणि दुसऱ्या ओळीतला एररलेव्हल हा पिंगचा नसून फाइंडचा आहे, सापडलं तर ०, नाही सापडलं तर १. टीटीएल कॅपिटलमध्येच लिहा, नाहीतर फाइंडला स्लॅश आय जोडा. आकड्यांच्या पत्त्याऐवजी नाव देणार असाल तर पिंगनंतर -४ पण टाका, कारण त्या नावाला आयपीव्ही६ चा पत्ता मिळाला तर विंडोज बरोबर उत्तर आलं तरी टीटीएल दाखवतच नाही, मग नेट असून तुमची स्क्रिप्ट नाही म्हणून बसेल.

इतकं करून तुमचं काम झालं असं मात्र समजू नका. ८.८.८.८ हा गूगलचा डीएनएस सर्वर, म्हणजे साइटच्या नावावरून आकडी पत्ता सांगणारा, तो चालू आहे की नाही याच्याशी तुमच्या पतसंस्थेला काय करायचंय? तुम्हाला मुख्य शाखेचा सर्वर हवा आहे ना, मग त्यालाच विचारा. पिंग मुळात १९८३ च्या डिसेंबरमध्ये माइक म्यूस यांनी लिहिलं ते नेटवर्क कुठे अडतंय ते शोधायला, पुढच्या टोकाचं काम होईल की नाही याची हमी द्यायला ते लिहिलेलंच नाही. शिवाय कित्येक ऑफिसांत आणि कॉलेजांत फायरवॉलवर पिंग बंद करून ठेवतात, तिथे नेट मस्त चालू असतं आणि पिंग मात्र टाइम्ड आउट. म्हणजे पिंग आलं म्हणून काम होईल असं नाही आणि नाही आलं म्हणून होणार नाही असंही नाही.

त्यापेक्षा कर्ल वापरा, म्हणजे दिलेल्या पत्त्यावरून पान आणणारी कमांड, विंडोज १० मध्ये २०१८ च्या १८०३ अपडेटपासून ते आयतंच येतं:

कर्ल -एफ -एस -ओ एनयूएल --मॅक्स-टाइम १० आणि पुढे मुख्य शाखेच्या सर्वरचा पत्ता

एफ, एस, ओ तिन्ही स्मॉल अक्षरांत, आणि मॅक्स-टाइम विसरू नका, तुमची स्क्रिप्ट मध्येच लटकते ती असल्याच कारणाने, थांबायची मुदत कोणी दिलेलीच नसते. एफ पण ठेवा, तो नसला तर सर्वरने ५०० एरर दिला तरी कर्ल ० घेऊनच परत येतं. आणि कर्लची खरी मजा त्याच्या एररलेव्हलमध्ये आहे, ६ आला तर नावाचा पत्ता मिळाला नाही म्हणजे डीएनएसची भानगड, ७ आला तर पत्ता मिळाला पण जोडणी झाली नाही, २८ म्हणजे वेळ संपली, ६० म्हणजे सर्टिफिकेट, सर्वरचं ओळखपत्र, पटलं नाही. हा ६० बघून लोक घाबरतात, पण पतसंस्थेत जुना पीसी असेल तर आधी खाली कोपऱ्यातलं घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलेला असला की वीज गेल्यावर तारीख कुठल्या कुठे मागे जाते, आणि तारीखच चुकीची म्हटल्यावर नेट धडधडीत चालू असूनही एकही एचटीटीपीएस साइट उघडत नाही. साधा सेल बदलला की झालं, नेटवाल्याला बोलावायची गरज नाही.

सर्वर वेबचा नसून दुसऱ्या कुठल्या पोर्टवर (सर्वरचा ठरावीक नंबरचा दरवाजा) असेल तर पॉवरशेलमधलं टेस्ट-नेटकनेक्शन, त्याला -कॉम्प्युटरनेम आणि -पोर्ट द्या, ते त्या पोर्टवर खरोखर जोडणी होते का ते बघून सांगतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तपासणी सहा वाजता पास झाली आणि सहा वाजून एक मिनिटाला लाइन गेली, मग? पावसाळ्यात हे रोजचंच आहे. तेव्हा वरची तपासणी फक्त लवकर कळावं म्हणून, खरा निकाल बॅकअप पाठवणाऱ्या कमांडच्या स्वतःच्या एररलेव्हलवरूनच लावायचा. फाइल आधी तात्पुरत्या नावाने चढवा, पूर्ण गेली की मग खरं नाव द्या, म्हणजे अर्धवट फाइलला मुख्य शाखेत कोणी पूर्ण बॅकअप समजणार नाही. आणि नाही गेली तर पंधरा मिनिटांनी परत, असं चार-पाच वेळा. हे एवढं केलंत तर पिंगची ओळ काढून टाकली तरी माझी हरकत नाही.

प्रश्न: सर, मी पर्वरीला राहते, इंजिनिअरिंगला आहे. कळंगुटच्या एका हॉटेलात इंटर्नशिप चालू आहे, तिथे रिसेप्शनच्या लॅपटॉपवर माझी पायथनची छोटी स्क्रिप्ट चालते, नेट असलं की बुकिंगची शीट अपडेट करते. हॉटेलच्या वाय-फायला रूम नंबर टाकून लॉगिन करावं लागतं, ते लॉगिन संपलं की माझी स्क्रिप्ट तरी २०० मिळालं म्हणते आणि शीटमध्ये कचरा येतो. काय करू? (एक विद्यार्थिनी)

उत्तर: २०० म्हणजे पान नीट आलं असा कोड, पण तुला जो मिळतोय तो हॉटेलच्या लॉगिन पानाचा आहे. तू मागितलंस एक पान, मध्ये बसलेल्या बॉक्सने ते अडवलं आणि स्वतःचं पान पुढे केलं, स्क्रिप्टला काय कळणार कोणाचं पान ते, तिने कोड बघितला, खूश झाली. तू जर रीक्वेस्ट्स लायब्ररी वापरत असशील तर ती रीडायरेक्टच्या मागे आपोआप जाते, म्हणजे बॉक्सने ३०२ देऊन लॉगिनकडे पाठवलं तरी शेवटी तुझ्या हातात २०० च येतो.

तुझ्या फोनला मात्र लगेच कळतं ना, "साइन इन टू नेटवर्क" म्हणून वरती येतं? तो जे करतो तेच तू कर. अँड्रॉइड गूगलच्या एका पत्त्यावर जातं, कनेक्टिव्हिटीचेक.जीस्टॅटिक.कॉम आणि पुढे स्लॅश जनरेट अंडरस्कोर २०४, तिथून रिकामं पान आणि २०४ कोड येतो, बाकी काही नाही. २०४ सोडून काहीही आलं तर मध्ये कोणीतरी बसलंय. विंडोजचा टास्कबारवरचा नेटचा गोल पण असंच बघतो, मायक्रोसॉफ्टच्या सर्वरवरून कनेक्टटेस्ट नावाची छोटी टेक्स्ट फाइल आणतो आणि आत "मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट" एवढेच शब्द आहेत का ते ताडून बघतो. अॅपलवाले "सक्सेस" लिहिलेलं पान आणतात. तिघांचा हिशोब एकच, पान आलं का एवढ्यावर न थांबता जे यायला हवं होतं तेच आलं का ते बघायचं.

तेव्हा रीक्वेस्ट्समध्ये अलाऊ-रीडायरेक्ट्स फॉल्स कर, टाइमआउट ५ दे (त्या लायब्ररीला स्वतःचा टाइमआउट नसतो, न दिल्यास ती कितीही वेळ थांबते), आणि स्टेटस कोड २०४ आला तरच खरं मान. सगळं ट्राय-एक्सेप्टमध्ये घाल, कारण नेट मुळीच नसेल तर कोड मिळणार नाही, सरळ एक्सेप्शन येईल. पत्ता एचटीटीपीएस नको, साधा एचटीटीपीच घे, मुद्दाम. एचटीटीपीएसवर मधल्या बॉक्सला पान बदलता येत नाही, मग तुला नुसता सर्टिफिकेटचा एरर दिसतो आणि लॉगिन संपलंय की अजून काही झालंय ते कळत नाही.

आणि शीटमध्ये कचरा येतो याचं कारण वेगळं आहे गं, आलेला डेटा न बघताच तू तो आत ओततेस. बुकिंगच्या सर्वरकडून जेसन (डेटा पाठवायची एक ठरलेली मांडणी) अपेक्षित असेल तर जेसनच आलंय का, त्यात बुकिंग नंबर आहे का, हे बघितल्याशिवाय शीटला हात लावायचा नाही, नेटची तपासणी असो नसो. मॅनेजरला विचारून तो रिसेप्शनचा लॅपटॉप गेस्टच्या वाय-फायवरून काढून ऑफिसच्या लाइनवर घेता आला तर अजून बरं, बुकिंगची कामं गेस्ट वाय-फायवर करायचीच नसतात.

प्रश्न: मी सत्तरीतल्या एका शाळेत शिक्षक आहे, लॅबमध्ये उबुंटूची मशिनं आहेत. दर पावसाळ्यात नेट जातं, तक्रार केली की आमचा सेवादार म्हणतो "आमच्याकडून चालू आहे, तुमचाच राउटर बघा", राउटर बघितला तर तो चालू. कधी गेलं, किती वेळ गेलं, कोणाकडून गेलं याची नोंद ठेवणारी स्क्रिप्ट सुचवाल का? मुलांकडूनच लिहून घेईन म्हणतो. (एक शिक्षक, वाळपईजवळ)

उत्तर: गुरुजी, मुलांना द्यायला याहून चांगला विषय नाही, कारण यात नेटवर्कचा अख्खा धडा येतो. एकच प्रश्न विचारण्याऐवजी घरापासून बाहेर एकेक पायरी विचारत जायचं आणि जिथे पहिल्यांदा नाही येईल ते वहीत लिहायचं.

पहिली पायरी वायर. लिनक्समध्ये /सिस/क्लास/नेट/ या फोल्डरात प्रत्येक नेटवर्क कार्डाचा एक फोल्डर असतो आणि त्यात कॅरिअर नावाची फाइल, कॅट करून बघायची, १ असेल तर वायर जोडलेली आणि समोरचं टोक जिवंत, ० असेल तर वायर निघालीय किंवा समोरचा स्विच बंद. कार्डच बंद करून ठेवलेलं असेल तर फाइल वाचताना एरर येतो, तो पण नोंदवा. पोरं बाकाखाली पाय हलवतात आणि वायरची आरजे-४५ पिन निघते, हे आधी वगळलेलं बरं. मग आयपी पत्ता मिळालाय का, विंडोजच्या मशिनवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा राउटरने पत्ता दिलाच नाही, मशिनने स्वतःच घेतलाय. मग राउटर, "आयपी रूट" कमांडच्या उत्तरात डिफॉल्ट व्हाया म्हणून जो पत्ता येतो त्याला पिंग. इथे सी म्हणजे किती वेळा आणि कॅपिटल डब्ल्यू म्हणजे किती सेकंद, विंडोजसारखे मिलिसेकंद नाहीत, आणि सी न देता पिंग मारलं तर लिनक्सवर ते कंट्रोल-सी दाबेपर्यंत चालूच राहतं. मग बाहेरचा आकडी पत्ता, ८.८.८.८ किंवा १.१.१.१, दोन्ही विचारा आणि दोन्ही गप्प असतील तरच लाइन गेली म्हणा. मग नाव, "गेटएंट होस्ट्स" आणि पुढे एखादी साइट, पत्ता मिळाला तर ०. शेवटी वर त्या मुलीला सांगितलेलं २०४ चं पान. उबुंटू डेस्कटॉप असेल तर "एनएमक्लाय नेटवर्किंग कनेक्टिव्हिटी" ही एकच कमांड फुल, लिमिटेड, पोर्टल, नन असं आयतं उत्तर देते, पण ती पुराव्याला पुरत नाही, नेमकं कुठे अडलं ते त्यात येत नाही.

तुमच्या भांडणाचा निकाल तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मधे आहे. राउटर उत्तर देतो आणि बाहेरचे दोन्ही पत्ते देत नाहीत, तर तुमची वायरिंग निर्दोष, दोष बहुधा राउटरच्या पलीकडे. बाहेरचे पत्ते येतात पण नावं मिळत नाहीत, तर लाइन ठीक आणि डीएनएस आजारी, मुलं "नेट नाही" म्हणतात त्यातलं बरंचसं हेच निघतं, राउटरमध्ये डीएनएस बदलून बघा. फायबर असेल तर डब्यावरची एलओएसची लाल लाइट पण बघा, ती पेटलेली किंवा लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाहीये, फायबर कुठेतरी तुटलंय किंवा वाकलंय, आणि त्यावर "तुमचा राउटर बघा" हे उत्तर चालत नाही. फोनने त्या लाइटचा फोटो काढून ठेवा, लॉगपेक्षा तो लवकर पटतो.

क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी लिनक्सची सोय) दर मिनिटाला चालवा. पण दर मिनिटाला ओळ लिहू नका, ती वही कोणी वाचत नाही. आधीची स्थिती एका छोट्या फाइलमध्ये ठेवायची आणि स्थिती बदलली तरच लिहायचं, तारीख, वेळ, कुठली पायरी. एकदा उत्तर नाही आलं म्हणून गेलं म्हणायचं नाही, लागोपाठ तीनदा नाही आलं तर. एखादं पॅकेट वाटेत हरवतंच, त्यावर तक्रार केली तर समोरचा हसेल.

आणि राउटर, फायबरचा डबा आणि लॉग लिहिणारं मशिन तिन्ही इन्व्हर्टरवर हवीत. नाहीतर तुमच्या वहीत वीज खात्याचा हिशोब जमा होईल आणि सेवादार तेवढंच बोट दाखवून मोकळा. लॉग लिहिणारं मशिन वायरने जोडा, वाय-फायवर ठेवू नका, म्हणजे तोही मुद्दा त्यांना मिळणार नाही.

प्रश्न: गूगलला दर सेकंदाला पिंग मारलं तर ते आपल्याला ब्लॉक करतात का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: दर सेकंदाला कशाला पण? मिनिटाला एकदा पुरे. ब्लॉक करतीलच असं नाही, पण फार पिंग मारलं तर काही उत्तरं ते गाळू शकतात, मग नेट असून तुम्हाला गेल्यासारखं दिसेल, म्हणजे तपासणीच खोटी. आणि ओळखीच्या कोणाच्या छोट्या साइटवर तर असलं काही लावूच नका.

प्रश्न: आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये एक जुनी व्हीबीस्क्रिप्ट आहे, विन३२-पिंगस्टेटस वापरून नेट बघते आणि मग परीक्षेची पानं उघडते. नवीन मशिनं घेतोय विंडोज ११ ची, ती चालेल ना? (एक वाचक, डिचोली)

उत्तर: आज कदाचित चालेल, पण त्यावर नवीन काही उभारू नका. मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये व्हीबीस्क्रिप्ट निवृत्त करणार म्हणून जाहीर केलंय, विंडोजमधून ती टप्प्याटप्प्याने जाणार आहे. पॉवरशेलमध्ये त्या स्क्रिप्टचं पिंगचं काम टेस्ट-कनेक्शन आणि पुढे -क्वाएट एवढ्यात होतं, ट्रू किंवा फॉल्स. नवीन मशिनवर डबल क्लिक करून पॉवरशेलची फाइल चालत नाही म्हणून घाबरू नका, विंडोज मुद्दाम अडवतं, एक्झिक्यूशन पॉलिसी रिमोटसाइन्ड केली आणि टास्क शेड्युलरमधून लावली की चालते. एखादं विंडोज ७ चं मशिन अजून ठेवलंत तर त्यावर टेस्ट-कनेक्शन आहे पण टेस्ट-नेटकनेक्शन नाही, ते लक्षात ठेवून लिहा. परीक्षेची पानं उघडायची म्हणजे एचटीटीपीएसचा पोर्ट ४४३ बघायचा, पिंग नव्हे, म्हणून नवीन मशिनांवर टेस्ट-नेटकनेक्शनच घ्या.

प्रश्न: काणकोणला आमचा होमस्टे आहे. लाइन गेली की मुलगा फोनचा हॉटस्पॉट चालू करतो, मग सीसीटीव्हीचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट नेट आलं समजून त्यावरून चढवायला लागते आणि दिवसाचा डेटा संपतो. (एक वाचक, काणकोण)

उत्तर: स्क्रिप्टचं काही चुकलं नाही, नेट आहेच की. तिला आता कुठल्या रस्त्याने आहे तेही विचारायला शिकवा. "नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस" या कमांडच्या उत्तरात एसएसआयडीच्या ओळीत वाय-फायचं नाव येतं, ते तुमच्या घरच्या राउटरचंच असेल तर बॅकअप, दुसरं काही असेल तर गप्प बसायचं. आणि मुलाला सांगा हॉटस्पॉटला घरच्या वाय-फायचंच नाव देऊ नको म्हणून, पासवर्ड परत टाकायला नको यासाठी पोरं तसं करतात.